दिवाळीची सुट्टी, जर्नलची मागची पानं आणि कृतज्ञता

(मुंबईतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

‘आता आभारप्रदर्शन’ असं माईकवर ऐकू आलं की सभागृहातली निम्मी माणसं चपला शोधायला लागतात. पुढे काय येणार हे सगळ्यांना पाठ असतं : मंडपवाले, चहावाले आणि ‘ज्ञात-अज्ञात हात’. आज आपला विषय हा नाही.

कृतज्ञ शब्दाची फोड करून पाहा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कुणी आपल्यासाठी काय केलं हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. गहिवर यायचा तर नंतर येईल. आधी माहिती लागते. आणि माहिती गोळा करणं हे तुम्हाला जमणारं काम आहे.

तुमची सुट्टी कशी असते हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. सबमिशन राहिलेलं, केटीचा, म्हणजे मागे राहिलेल्या विषयाचा, पेपर डोक्यावर, कुणाची इंटर्नशिप चालू, म्हणजे दिवाळीच्या आठवड्यातही सकाळची लोकल सुटत नाही. तेव्हा रोज अर्धा तास डोळे मिटून बसा, असं काही मी सांगणार नाही. दिवसाला पाच मिनिटं, सुट्टीत एकदा अर्धा तास आणि एक सकाळ स्वयंपाकघरात, एवढाच हिशेब.

पाच मिनिटांचं आधी. जर्नलची मागची पानं कोरी असतात, तीच घ्या. फोनवर लिहू नका. एक ओळ लिहून होत नाही तोच वर नोटिफिकेशन येतं आणि पाच मिनिटांची चाळीस होतात. वसुबारस ते भाऊबीज रोज तीन नोंदी करा. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यात : कुणी केलं, नेमकं काय केलं आणि त्यासाठी त्या माणसाचं काय खर्ची पडलं. ‘आई, तब्येत, मित्र’ असं लिहिलंत तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल, कारण चौथ्या दिवशीही तेच लिहावं लागतं. त्याऐवजी हे बघा : ‘कोकणातल्या गाडीचं तिकीट बाबांनी काढलं. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं. त्या दिवशी ते मोबाइल हातात धरून बसले आणि कामावर उशिरा पोचले.’ या नोंदीतला तिसरा भाग बहुतेकांना लिहिता येत नाही, कारण तो माहीतच नसतो. मग विचारायचं. खरा अभ्यास तिथे सुरू होतो.

वेळ जेवणानंतरची ठेवा. अंथरुणात पडल्यावर लिहायला घेतलं की पहिल्या नोंदीनंतर पेन हातातच राहतं.

हे सगळं सुट्टी संपल्यावरही रोज करायचं का? नको. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदरीत बरं चाललंय असं जास्त वाटलं. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. सरावाचं पाठांतर झालं की त्यातलं मीठ जातं. म्हणून सणाचे दिवस रोज, कारण तेव्हा घरात घडतंच खूप. पुढे फक्त रविवारी. आणि परिणाम किती, याबद्दल फुगवून सांगणाऱ्यांपासून सावध राहा. नंतरच्या एकत्रित आढाव्यांमध्ये नैराश्य आणि चिंतेवरचा परिणाम लहानच निघाला आहे. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वही हा उपाय नव्हे. समुपदेशकाकडे जा, किंवा १४४१६ या टेलिमानस म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर फोन करा.

आता स्वयंपाकघर. चकली आपण डब्यातून काढून खातो, म्हणजे ‘कृत’ आपल्याला दिसतच नाही. भाजणीसाठी तांदूळ आणि डाळी धुवायच्या, सावलीत कपड्यावर वाळवायच्या, मग एकेक धान्य वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा. मग गिरणी, आणि दिवाळीआधी गिरणीवर केवढी रांग असते ते एकदा उभं राहून बघा. मोहन, म्हणजे पिठात घालायचं कडकडीत तेल, कमी पडलं तर चकली दाताला दगडासारखी लागते. जास्त झालं तर तेलात सोडताच विरघळते. तेल फार तापलं की बाहेरून लाल आणि आत मऊ. एक घाणा तळायला उभे राहा, सोऱ्या स्वतः दाबा. खांदा दुखला की नोंदीतला ‘काय खर्ची पडलं’ हा रकाना आपोआप भरतो. (मुलग्यांनो, हे तुमच्यासाठी जास्त आहे. मुलींना बहुतेक घरांत हे विचारल्याशिवायच शिकवलं जातं.)

अर्धा तास पत्राचा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात, ज्यांचे आभार नीट मानायचे राहून गेले त्यांना पत्र लिहून ते स्वतः नेऊन द्यायचं होतं. त्या अभ्यासातल्या व्यायामांपैकी आनंदात सगळ्यात मोठी वाढ यातच दिसली. महिनाभर टिकली, तीन महिन्यांनी ओसरली. म्हणजे हे औषध नव्हे, सणच म्हणा.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. घरात ‘थँक्यू’ म्हटलं तर ‘परक्यासारखं काय बोलतोस’ हे ठरलेलं उत्तर. तेव्हा तो शब्दच टाळा आणि केलेलं काम सांगा. चार वाक्यं पुरतात : तू काय केलंस, ते मला कधी कळलं, त्याने माझं काय झालं, आणि आता मी काय करतोय. ‘मावशी, बारावीला तू दोन महिने तुझी खोली मला दिलीस. तू बाहेर सोफ्यावर झोपायचीस हे तेव्हा लक्षातच आलं नाही. अभ्यास तिथेच झाला. आता तिसऱ्या वर्षाला आहे.’ पाडव्याला किंवा भाऊबीजेला पाया पडताना हे हातात ठेवा, नाहीतर फोनवर वाचून दाखवा. अवघड वाटेल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की समोरच्याला वाटणारा संकोच लिहिणारा असतो त्याहून जास्त समजतो आणि त्याला होणारा आनंद असतो त्याहून कमी. कौटुंबिक ग्रुपवर दिव्याचं चित्र टाकून ‘सर्वांचे आभार’ लिहिणं यात मोजायचं नाही.

घराबाहेरही हाच नियम. सोसायटीच्या वॉचमनला, जिने झाडणाऱ्या ताईंना पोस्त द्यायची तर धनत्रयोदशीच्या आधी द्या, म्हणजे त्यांच्याही दिवाळीच्या खरेदीत ती कामाला येते. फराळ द्यायचा तर डबा भरलेला असताना; भाऊबीजेनंतर उरलेला चिवडा देणं म्हणजे डबा रिकामा करणं. नाव माहीत नसेल तर विचारा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके उडवलेत तर कागदाचा कचरा त्याच रात्री गोळा करा, कारण पाडव्याच्या पहाटे महापालिकेचा सफाई कामगार झाडू घेऊन उभा असतो.

एक चूक मात्र हमखास होते. ‘बघ, लोकांना एवढंही मिळत नाही’ असं स्वतःला सुनावणं. त्यातून नुसता अपराधीपणा येतो, कुणी काय केलं ते कळत नाहीच. तसंच ज्याने दुखावलं त्याच्याबद्दल जबरदस्तीने गोड लिहू नका. राग आलेला असेल त्या दिवशी ते पान कोरं राहू द्या.

सुट्टीनंतरचा पहिला रविवार आला की जर्नल उघडा आणि या दिवसांत तिसरा रकाना कुठे कुठे रिकामा राहिला ते बघा. ज्यांच्या नावापुढे तो रिकामा आहे, त्यांना त्या आठवड्यात एकेक फोन करा.