सलाईनपेक्षा किती सरस? गुडघ्याची आणि पाठीची इंजेक्शनं

नमस्कार. गुडघा किंवा कंबर महिनोन् महिने दुखत असली की कुणीतरी सांगतंच, ‘एक इंजेक्शन घेऊन टाका, मोकळे व्हाल.’ पण कुठलं? आज प्रत्येक इंजेक्शनला मी एकच प्रश्न विचारणार आहे: त्याऐवजी नुसतं सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, टोचलं असतं तर? कारण सांध्यात साधं सलाईन सोडलं तरी बऱ्याच जणांचं दुखणं खरोखर कमी होतं. म्हणून चाचण्यांमध्ये औषधाची गाठ सलाईनशी घालतात.

आधी स्टेरॉइड. ते सूज उतरवतं, आणि लवकर उतरवतं. माझ्या आईला गुडघ्यात दिलं, तर तिसऱ्या दिवशी ती कठडा न धरता जिना उतरली. मी खाली उभी राहून बघतच राहिले. सहा आठवड्यांनी हात पुन्हा कठड्यावर. या इंजेक्शनचा असर असतोच तेवढा, काही आठवड्यांचा.

मग दर तीन महिन्यांनी घेत राहिलं तर? अमेरिकेत तेही करून पाहिलं. गुडघे झिजलेले १४० जण. निम्म्यांना दर १२ आठवड्यांनी स्टेरॉइड, निम्म्यांना सलाईन, सलग दोन वर्षं. २०१७ साली निकाल आला. दुखण्यात म्हणावा असा फरक नाही, उलट स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जास्त झिजलेली. त्यामुळे दुखणं एकदम उसळलं तर एखादं घ्यावं, पण वेळापत्रक लावून नको. सांधा बदलायचं ठरत असेल तर आधीचे तीन महिने तर नकोच, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणि मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते. आईची चढली. आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

जेलचं इंजेक्शन म्हणजे हायलुरॉनिक ॲसिड. ‘वंगण घालू’ हे ऐकायला पटतं, पण अनेक चाचण्या एकत्र करून २०२२ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा सलाईनपेक्षा फरक निघाला तो उठता-बसता जाणवणारही नाही इतका लहान.

पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. त्यात तुमचंच रक्त काढून नळी यंत्रात गरगर फिरवतात. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर द्रव उरतो. त्यातला प्लेटलेट्सनी, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींनी, भरलेला भाग गुडघ्यात सोडतात. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर सलाईनशी तुलना झाली, २०२१ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर दुखण्यात नाही, कूर्चेतही नाही, ठळक फरक कुठेच नाही. काही छोट्या चाचण्या वेगळं सांगतात, आणि पीआरपी बनवायची रीतही सगळीकडे सारखी नसते. वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर एवढ्या पुराव्यावर मी आईला ते देणार नाही.

आता पाठ. एपिड्युरल म्हणजे मणक्यातल्या नसांभोवती दिलेलं इंजेक्शन, बहुधा स्टेरॉइडचं. त्यात पालथं झोपवतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई मणक्यात नेतात. आधी थोडं रंगद्रव्य सोडतात. ते नसेच्या कडेने पसरलं की मगच औषध. गादी सरकून पायात कळ जात असेल, तर काही आठवडे थोडा आराम मिळू शकतो. पण मणक्यातली वाट अरुंद झालेल्या ४०० जणांवरच्या २०१४ च्या चाचणीत, नुसत्या भुलीच्या औषधापेक्षा स्टेरॉइड घातलेलं सहा आठवड्यांनी फारसं सरस ठरलं नाही. २०२५ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेली शिफारस तर स्पष्टच आहे: तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीला एपिड्युरल, मणक्याच्या सांध्यातली इंजेक्शनं, नस तापवून बधिर करणं, यातलं काही देऊ नये. वेदनातज्ज्ञांनी यावर हरकत घेतली. नेमका रुग्ण निवडला तर गुण येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: ‘माझं दुखणं नक्की कुठून येतंय, आणि ते कशावरून ठरवलंत?’

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर न विचारता सांगा. आणि इंजेक्शन घेतलंच, तर ते बरे आठवडे वाया घालवू नका. आईने दुसऱ्या खेपेला रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचा सराव धरला. कठडा अजून सुटलेलाच आहे.

इंजेक्शननंतर ताप आला, सांधा लाल होऊन तापला, पायातली ताकद गेली, किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.