हिशेब वहीत, पूर पानावर

मंडळी, विज्ञानकथा लिहिणाऱ्याला वाचकाचं पत्र येतं तेव्हा कौतुक दोन ओळींत उरकलेलं असतं आणि 'मात्र'नंतर पानभर मजकूर असतो. हा मात्रवाला वाचक जपायचा. त्यानं कथा दोनदा वाचलेली असते, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. या माणसाशी नातं जुळवायचं कसं, एवढंच आज बोलू.

आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. समजा, कथेत 2080 सालचा पावसाळा आहे आणि लेखक लिहितो, 'दरवाजे उघडले आणि तासाभरात गंगापूर धरण रिकामं झालं.' वाक्य दणदणीत. आता भागाकार करा. धरणाची क्षमता सुमारे 5,630 दशलक्ष घनफूट, तासाचे सेकंद 3,600. म्हणजे सेकंदाला साडेपंधरा लाख घनफूट, अर्थात साडेपंधरा लाख क्युसेक! गोदावरीला पाणी चढलं की सराफ बाजारात माल वरच्या फळीवर जातो, हे इथल्या पोरासोरांना माहीत आहे. आणि तेव्हा धरणातून सुटणारा विसर्ग हजारांत मोजतात, लाखांत नाही. 40 हजार क्युसेकनं सोडलं आणि वरून थेंबभरही आलं नाही, तरी धरण रिकामं व्हायला 39 तास लागतील. नाशिकचा वाचक कथा तिथंच मिटतो.

मग धरण फोडायचंच असेल तर? फोडा की, पण ते मातीचं आहे हे लक्षात ठेवून. मातीचा बांध काचेसारखा तडकत नाही. पाणी आधी चीर पाडतं, वाहतं पाणी माती खात जातं, खिंडार रुंदावतं आणि विसर्ग चढत जातो. म्हणजे पात्रांना धावपळ करायला, चुकीचा निर्णय घ्यायला, भांडायलासुद्धा वेळ मिळतो. हिशेब बरोबर केला की कथेचा वेग आपोआप हाती लागतो, तो असा. शिवाय रामकुंडाजवळ पोहोचणारं पाणी एकट्या धरणाचं नसतं. धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचं आणि शहरात पडलेल्या पावसाचंही असतं. हे विसरलात तर पत्र नक्की.

आणि एवढा हिशेब करून कथेत क्युसेक लिहूच नका. 'दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं' असं लिहा. रामकुंडाजवळच्या या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं, हे पुराचं माप गोदाकाठानं स्वतःच ठरवलेलं आहे. परगावच्या वाचकासाठी मूर्तीच्या गुडघ्यापासून सुरुवात करा, दोन परिच्छेदांनी कमरेपर्यंत या. त्याला माप समजतं आणि समजावून सांगितल्यासारखंही वाटत नाही.

यासाठी प्रत्येक कथेला एक वही. डाव्या पानावर आकडेमोड, उजव्या पानावर त्यावर उभं राहिलेलं वाक्य. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत एकच गोष्ट: या कथेत मी काय गृहीत धरलं आहे. गृहीतक एक असावं. दोन झाली की वाचकाला दोन उड्या मारायला लावतो आपण, आणि तो दुसरी मारत नाही. मंगळावरून बोलणारी पात्रं घ्या. अंतरानुसार संदेश एका बाजूनं जायला साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. 'हॅलो' म्हटलं की लगेच उत्तर हवं असेल, तर प्रकाशापेक्षा वेगवान संदेश हे तुमचं गृहीतक झालं. मग धरणावर दुसरं काही अद्भुत नको.

पत्राचं उत्तर आठवड्याच्या आत द्या. आधी वही काढा. गणित चुकलं असेल तर तसं सरळ लिहा, आणि संग्रह निघेल तेव्हा दुरुस्त करा. वाद गृहीतकाबद्दल असेल तर डावं पान उतरवून पाठवा. तेवढ्यावर बरेच वाचक पुढच्या कथेचे पहिले वाचक व्हायला तयार होतात. 'ही शेवटी कल्पनाच आहे हो' हे उत्तर मात्र कधीही देऊ नका. त्यानं कष्ट घेतले, तुम्ही हात झटकलेत, एवढंच त्याला कळतं.

नावाचा दबदबा इथं फारसा कामाचा नाही. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस मिळालं ते कथेला. तेच नारळीकर 2021 साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

राहिलं जाहीर वाचन. दोन हजार शब्द वाचायला सतरा-अठरा मिनिटं लागतात. त्यापुढे खुर्च्या वाजू लागतात. वाचनाची प्रत वेगळी काढा. डोळा आकड्यावर परत जाऊ शकतो, कान नाही. म्हणून तीनच आकडे ठेवा आणि तेही गोल करून. 5,630 ऐकवू नका, 'साडेपाच हजारांवर' म्हणा. घरी एकदा घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. जीभ अडखळते तिथं बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकातून उचललेला शब्द सापडतो.

वाचन संपलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'असं खरंच होईल का?' वही जवळ ठेवा आणि कुठपर्यंत गणित आहे, कुठून गृहीतक सुरू होतं, ते बोट ठेवून दाखवा.

आता माईक तुमच्याकडे. मारुतीच्या छातीबद्दल पंचवटीकरांची हरकत असेल, तर ती आधी घेऊ.