कोबीच्या पानाचा वाडगा

नमस्कार, श्रोतेहो.

बोलायला लागण्याआधी एक आवाज ऐकवते.

(वाडग्याच्या काठावर नखाने दोनदा टिचकी)

खणखणीत आहे ना? बाजारात मडकं घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तसाच हा वाडगा वाजवला. तो माझ्यासमोर टेबलावर आहे. तुम्हाला दिसणार नाही, म्हणून सांगते. हिरवागार आहे, आणि कोबीच्या पानांचा आहे. पानं त्याच्यावर रंगवलेली नाहीत. तीन-चार पानं एकात एक बसवावीत आणि त्यांचाच वाडगा व्हावा, असा त्याचा घाट आहे. काठ सरळ नाही, कोवळ्या पानाचा असतो तसा मुरडलेला. तळातून एक जाड शीर वर चढते, पुढे तिला फाटे फुटतात, आणि काठाशी पोहोचेपर्यंत ते दोऱ्याएवढे बारीक होतात. शिरांवर हिरवा फिका, दोन शिरांच्या मधल्या खोलगट जागी गडद.

बघणाऱ्याला वाटतं, दोन रंग दिलेत. तसं नाही. काचेसारखा पारदर्शक असा एकच हिरवा ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा चकाकीचा लेप, आहे. भट्टीत तो वितळतो, उंचवट्यावरून ओघळतो आणि खळग्यात साचतो. पातळ राहिला तिथे फिका दिसतो, साचला तिथे गडद. म्हणजे अर्धं रंगकाम आगीनंच केलंय. मी गेली अठरा वर्षं मातीकाम शिकवते, तरी हा वाडगा हातात घेतला की अंगठा आपोआप त्या शिरेवरून फिरतो.

माझ्या बहिणीनं तो पोर्तुगालमधल्या लिस्बनहून आणला. घरात पहिल्यांदा पाहिला तेव्हा आई म्हणाली, "अगंबाई, कोबी!" आणि गंमत अशी, की तिच्या तोंडून आलेला तो शब्दही मुळात तिकडचाच. पोर्तुगीज भाषेत कोबीला 'कोव्ह' म्हणतात, आणि आपला कोबी त्यावरून आला असं शब्दांची मुळं शोधणारे सांगतात. सकाळपासून आपण ज्या वस्तू हाताळतो त्यातल्या कितीतरी नावांनी असा समुद्र ओलांडलाय. चावी, बालदी, पिंप, घमेलं, दाराची बिजागरी, आणि चहाबरोबरचा पाव.

आता हा वाडगा ज्याच्या डोक्यातून निघाला, त्या माणसाकडे वळू. रफाएल बोर्दालो पिन्येरो. जन्म लिस्बनचा, 1846 चा. पेशानं व्यंगचित्रकार. 1875 मध्ये त्यानं एका नियतकालिकात एक शेतकरी काढला. दाढीवाला, डोक्यावर टोपी, अंगावर ठिगळं. त्याचं नाव झे पोविन्यो. सरकारनं कर लादायचा आणि यानं भरायचा. आपल्याकडे आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन जसा घराघरात माहीत आहे, तसा पोर्तुगालमध्ये हा. फरक एवढाच, की आपला कॉमन मॅन चौकटीच्या कोपऱ्यात गप्प उभा असतो. झे पोविन्यो मात्र कोपरावर हात मारून सरळ ठेंगा दाखवतो.

तर हा चित्रकार 1884 मध्ये काल्दाश द रायन्या नावाच्या गावी मातीच्या भांड्यांचा कारखाना काढतो. गावाचं नाव फार सुरेख आहे. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांना आपण उन्हाळे म्हणतो, त्या चालीवर याचं मराठी 'राणीची उन्हाळी' असं होईल. लिओनोर राणीनं पंधराव्या शतकात तिथल्या गरम झऱ्यांवर इस्पितळ बांधलं, त्यावरून हे नाव. माती तिथे चांगली, कुंभारही पिढीजात. बोर्दालो तिथे आला आणि त्यानं ताटं, सुपाची भांडी, सुरया यांच्या जागी भाजी मंडई आणि परसदार आणून ठेवलं. कोबी आला, बेडूक आले, खेकडे, गोगलगायी आल्या. भिंतीवर लावायच्या, हाताएवढ्या गांधीलमाश्याही आल्या. झे पोविन्यो तर आलाच, मातीचा होऊन.

इथे माझा एक अनुभव सांगते. पाच वर्षांपूर्वी मी हट्टानं ठरवलं, की असा एक वाडगा आपण करायचाच. मंडईतून कोबीचा मोठा गड्डा आणला, बाहेरचं राठ पान काढलं, लाटलेल्या मातीवर उपडं ठेवलं आणि लाटण्यानं दाबलं. पानाच्या मागच्या बाजूला शिरा वर आलेल्या असतात, त्यामुळे मातीत नेमके पन्हळ उमटले. त्यावरून प्लास्टरचा साचा घेतला, साच्यातून वाडगा काढला, भाजला. भट्टी उघडली तर वाडग्यात जीव नव्हता. पान खरं होतं, एकेक रेष खरी होती, पण समोर जे आलं ते इस्त्री केलेल्या फडक्यासारखं. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, बारीक शिरा आणखी बारीक होतात आणि जे उरतं ते ग्लेझ बुजवून टाकतो.

मग मी बहिणीनं आणलेला वाडगा पुन्हा हातात घेतला आणि नीट पाहिला. त्यातली मधली शीर खऱ्या कोबीच्या शिरेपेक्षा जाड आहे. काठाची मुरड खऱ्यापेक्षा थोडी जास्त आहे. व्यंगचित्रकार मंत्र्याचं नाक थोडं मोठं काढतो आणि तो मंत्री आपल्याला फोटोपेक्षा लवकर ओळखू येतो. बोर्दालोनं कोबीला तेच केलं होतं! हे लक्षात आलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी लगेच ओला साचा कोरायला घेतला.

यानंतर बोर्दालोच्या मातीच्या भिंगऱ्या, म्हणजे ते छोटे पक्षी. पाठ काळीशार, पोट पांढरं, पंख पसरलेले. पोर्तुगालमध्ये त्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर लावतात. एकटी क्वचित, बहुधा तीन-चार, लहानमोठ्या, जणू आत्ताच वळचणीकडे झेपावल्यात. भिंगरी हिवाळ्यात आफ्रिकेत जाते आणि वसंतात बहुतेक वेळा आपल्या जुन्या घरट्याकडेच परत येते. ज्या देशातली माणसं पिढ्यान् पिढ्या पोटासाठी समुद्रापार गेली, त्या देशात दारावर हाच पक्षी का टांगला असेल, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मला त्यात आणखी एक गोष्ट आवडते. भिंगरी स्वतः चिखलाचे गोळे चोचीतून आणून घरटं लिंपते. मातीत काम करणाराच पक्षी तो.

मातीबद्दल मी तासभर बोलेन, पण बुचाच्या झाडाबद्दल सांगितलं नाही तर पोर्तुगालची गोष्ट पुरी होणार नाही. कॉर्क म्हणजे एका ओक वृक्षाची साल. जगातलं जवळजवळ निम्मं कॉर्क या छोट्या देशातून येतं. झाड साधारण पंचवीस वर्षांचं झालं की पहिली साल काढतात आणि मग दर नऊ वर्षांनी. पहिली दोनदा निघालेली साल खडबडीत असते. बाटलीच्या बुचाला चालेल अशी साल तिसऱ्या खेपेला मिळते, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. ज्यानं झाड लावलं त्याला ती बघायला मिळेलच असं नाही. काम उन्हाळ्यात चालतं, हातात कुऱ्हाड घेऊन. घाव एवढाच घालायचा की साल चिरेल, आतल्या जिवंत थराला धक्का लागणार नाही. मग कुऱ्हाडीचा दांडा सालीत घालून ती उचकटायची. आतलं खोड तांबूस-केशरी निघतं, आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा लिहितात. त्या वर्षाचा शेवटचा आकडा. 2024 मध्ये साल काढली तर 4. मग 2033 पर्यंत त्या झाडाला कोणी हात लावायचा नाही.

या सालीच्या आज पर्स होतात, छत्र्या होतात, टेबलावर गरम पातेल्याखाली ठेवायच्या चकत्या होतात. त्या छानच आहेत. पण मला त्यांच्याहून जुनी एक वस्तू जास्त प्रिय आहे. दक्षिणेकडच्या अलेंतेजू भागात धनगर 'तार्रू' घेऊन रानात जात. तार्रू म्हणजे कॉर्कचा गोल डबा, वर कॉर्कचंच झाकण, धरायला लाकडी कडी. कॉर्कच्या आत लाखो बारीक कप्पे असतात आणि प्रत्येकात हवा कोंडलेली असते, त्यामुळे उष्णता सहज बाहेर पडत नाही. सकाळी घरून निघालेलं जेवण रानात गरम लागतं. झऱ्यावर पाणी प्यायला सालीच्याच एका वाकलेल्या तुकड्याची पळी, तिचं नाव 'कोशू'. कोबीच्या वाडग्यात कलाकारानं थोडं वाढवून दाखवलं होतं. इथे कारागिरानं झाडावर जेमतेम हात फिरवलाय. मला दोन्ही आवडतं.

या जुन्या वस्तू टिकल्या त्या आपोआप नाही. कतरीना पोर्ताश या पत्रकार बाईंनी 2007 मध्ये लिस्बनमध्ये 'अ विदा पोर्तुगेझा', म्हणजे पोर्तुगीज जगणं, या नावाचं दुकान काढलं. जुने साबण, जुन्या वेष्टनातल्या टूथपेस्टी, पेन्सिली, आणि त्या भिंगऱ्या. सगळं देशातल्याच कारखान्यांत होणारं. बोर्दालोचा कारखानाही बंद पडायच्या बेतात होता. 2009 मध्ये तो दुसऱ्या उद्योगसमूहानं घेतला, म्हणून कोबी आजही निघतोय. आणि झुआना वाश्कोन्सेलुश नावाची शिल्पकार आहे, तिनं बोर्दालोच्या मातीच्या प्राण्यांवर क्रोशाची जाळी विणून चढवली. हीच ती बाई, जिनं स्टीलची पातेली आणि झाकणं जोडून उंच टाचेचे अवाढव्य बूट केले आणि 2012 मध्ये ते फ्रान्सच्या व्हर्सायच्या राजवाड्यात, आरसेमहालात मांडले. लांबून चंदेरी बूट, जवळ गेलं की आपल्या स्वयंपाकघरातली मांडणी! मला ही कल्पना फार मोलाची वाटते. जी पातेली घासताना बायकांची कंबर मोडली, ती राजाच्या महालात मधोमध उभी राहिली.

निळ्या टाइल्सबद्दल आज बोलत नाही, त्यांना वेगळा दिवस हवा. पण पणजीला गेलात तर मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातल्या भिंती जरूर बघा. ते काम जॉर्ज कोलासो यांचं, ज्यांनी पोर्तू शहराचं रेल्वे स्थानक टाइल्सनी मढवलं.

आणि एक कापड. काल्दाशपासून जवळ अल्कोबासा नावाचं गाव आहे. तिथली 'शीता' प्रसिद्ध आहे, रुंद उभे पट्टे, त्यात पक्षी, फुलं, फळांच्या परड्या. पडदे, पलंगपोस, गाद्यांच्या खोळी, सगळीकडे. हा शब्द ओळखलात का? आपलं चीट. आजीचा चिटाचा परकर. आपल्याकडचं छापील सुती कापड जहाजातून तिकडे गेलं, लोकांना इतकं आवडलं की ते स्वतः छापायला लागले. नाव मात्र त्यांनी आपलंच ठेवलं. म्हणजे त्यांनी आपल्याला कोबी दिला आणि आपण त्यांना चीट.

माझा वाडगा शेवटी तिसऱ्या खेपेला जमला. बोर्दालोच्या जवळपासही नाही, पण शिरेवरून अंगठा फिरतो. तो आईकडे असतो. ती तिकडच्यासारखं बटाट्याचं आणि कोव्हच्या बारीक चिरलेल्या पानांचं सूप काही करत नाही. आज संध्याकाळी तिच्याकडे जेवायला जाणार आहे. त्या वाडग्यात कोबीची पचडी असेल, दाण्याचं कूट घातलेली, वरून हिंग-मोहरीची फोडणी.

नमस्कार.