एकट्याची गाडी रुतली तर

नमस्कार, श्रोतेहो.

मी जनावरांचा डॉक्टर. बावीस वर्षं झाली खेड्यापाड्यांतून फिरतोय. त्यातली बरीचशी परभणीकडच्या काळ्या रानात गेली आणि मधली तीन रत्नागिरीच्या किनाऱ्याला. जनावर अडतं ते वेळकाळ बघून अडत नाही. रात्री फोन येतो, डांबरी रस्ता संपतो आणि पुढचे दोन-तीन किलोमीटर पाणंदीतून जायचे असतात. गाडीत बहुतेक वेळा मी एकटाच. म्हणून आज औषधपाण्याचं बाजूला ठेवून गाडीबद्दल बोलतोय. वस्तीवर राहणारा शेतकरी, सौर पंप दुरुस्त करणारा मुलगा, आडगावच्या शाळेवर जाणारी बाई, अशांच्या उपयोगाचं हे बोलणं आहे.

एका आषाढातली गोष्ट. म्हैस अडली होती, पारडू आडवं आलं होतं. पाऊस थांबून तासभर झालेला, वरून पाणंद सुकल्यासारखी दिसत होती. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत मी गाडी घातली आणि दोनशे पावलांवर मागचं डावं चाक बसलं. त्या क्षणी थांबलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं. पण मनात म्हैस होती. मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो, चाक गरगरत राहिलं, आणि मिनिटाभरात मागचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, चिखलावर टेकला. चारही चाकं जमिनीत आणि गाडी पोटावर. फोनला रेंज नाही. मी बॅग डोक्यावर घेतली आणि चालत निघालो. पोचायला पाऊण तास लागला. म्हैस वाचली, पारडू वाचलं नाही. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरने ओढून काढली. ती पाऊण तासाची वाट मी अजून विसरलेलो नाही, आणि त्यानंतर गाडीत जे सामान आलं ते तेव्हापासून खाली उतरलेलं नाही.

सामानाच्या याद्या पुष्कळ मिळतात. त्यात पहिलं नाव असतं ते गाडी ओढायच्या दोराचं. हा नायलॉनचा लवचिक दोर वीस-तीस टक्के ताणला जातो आणि त्या झटक्याने रुतलेली गाडी बाहेर येते. दोर उत्तम आहे, पण त्याचं दुसरं टोक बांधायला दुसरी गाडी लागते. एकट्या माणसाने पैसे आधी अशा वस्तूंवर घालावेत, ज्यांना दुसऱ्या कुणाची गरज पडत नाही. म्हणजे हवा, फावडं, फळी आणि जॅक. माझं हे सगळं मिळून पाच हजारांच्या आत झालं.

पहिली हवा. हवेला पैसा पडत नाही आणि गुण सगळ्यात जास्त. रस्त्यावर आपण टायरमध्ये बत्तीस पीएसआयच्या आसपास हवा ठेवतो. मऊ जमिनीत तीच अठरा-वीसवर आणली की टायर थोडा बसतो आणि जमिनीला टेकणारा त्याचा भाग लांब होतो. गाडीचं तेच वजन जास्त जागेवर पसरतं, म्हणून ती कमी रुतते. बाभळीच्या काट्याने व्हॉल्व्हची पिन दाबूनही हवा सोडता येते. पण किती सोडली ते कळायला मीटर हवाच. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे, अंदाजावर जाऊ नका. पंधराच्या खाली गेलात आणि स्टिअरिंग जोरात वळवलंत तर टायर रिमवरून सुटतो. गाडी सावकाश चालवायची, आणि डांबरावर परत आलात की हवा भरल्याशिवाय पुढे जायचं नाही. कमी हवेवर वेगात धावलेला टायर तापतो आणि फुटतो. त्यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा काँप्रेसर घ्या. मला दोन हजारांत मिळाला. लायटरच्या सॉकेटला लागतो त्यापेक्षा चिमट्यांनी थेट बॅटरीला लागणारा बरा. इंजिन चालू ठेवून हवा भरायची आणि दोन टायर झाले की काँप्रेसरला थंड होऊ द्यायचं. जिथे अणकुचीदार दगड आहेत, घाटातल्या कच्च्या वाटेवर, तिथे मात्र हवा फार कमी करू नका. टायरची बाजू फाटली तर ती पंक्चरच्या दोरीने बुजत नाही.

दुसरं फावडं. घडीचं छोटं फावडं दिसायला छान असतं, पण काळ्या मातीत त्याचा दांडा वाकतो. मी हार्डवेअरच्या दुकानातलं साधं फावडं घेतलं आणि दांडा कापून अडीच फुटांचा केला. गाडीखाली पालथं पडून ओढायला तेवढाच पुरतो. सोबत एक जुना विळा. चाकाला आणि मडगार्डच्या आत जो चिखल चिकटतो, तो फावड्याने निघत नाही, विळ्याने खरवडावा लागतो. ही माती काळ्या बेसाल्टच्या खडकापासून झालेली. उन्हाळ्यात हिला मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस झाला की तीच पाणी पिऊन फुगते. टायरच्या खाचा तिने भरल्या की टायर साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो, मग नवा टायर असला काय आणि झिजलेला असला काय. त्या खाचा साफ करणं हे निम्मं काम आहे, आणि घाईत माणूस नेमकं तेच टाळतो.

तिसऱ्या फळ्या. बाजारात प्लॅस्टिकच्या खाचदार पट्ट्या मिळतात. चांगल्या असतात, पण स्वस्तातल्या घेतल्या आणि त्यांच्यावर चाक गरगर फिरवलं की त्यांचे दात वितळून जातात. मी सेंट्रिंगवाल्याकडून दोन जुन्या फळ्या आणल्या. दीड इंच जाड, टायरपेक्षा थोड्या रुंद, साडेतीन फुटांवर कापलेल्या. वरच्या अंगाला आडव्या लाकडी पट्ट्या स्क्रूने बसवल्या. खिळे लावायचे नाहीत, सुटलेला खिळा आपल्याच टायरमध्ये घुसतो. प्रत्येक फळीला भोक पाडून हातभर दोरी बांधली आणि दोरीला लाल चिंधी. फळी चाकाखालून गेली की चिखलात गडप होते, मग ती चिंधीच सापडते.

आणि चौथा जॅक. गाडीसोबत आलेला जॅक सपाट, टणक रस्त्यासाठी असतो. चिखलात लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. म्हणून प्लायवूडचा दीड फूट बाय दीड फूट, पाऊण इंच जाडीचा चौकोन गाडीत हवा. सुताराकडे असा तुकडा पडलेलाच असतो. मी जोडीला एक बॉटल जॅक, म्हणजे बाटलीसारखा उभा, तेलाच्या दाबाने उचलणारा जॅक घेतला, कारण घडीच्या जॅकची हँडल फिरवायला रुतलेल्या गाडीखाली जागा राहत नाही. आपली गाडी पोलादी चासीवर उभी नसेल, आजकालच्या बहुतेक लहान गाड्या नसतात, तर जॅक फक्त गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा. आणि एक गोष्ट पाठ करून ठेवा: जॅकवर उभ्या गाडीखाली अंग घालायचं नाही. हात घालावा लागला तरी आधी स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवा. गाडी घसरली तर ती स्टेपनीवर बसेल. ज्या चाकाला रुतण्याची भीती नाही, त्याला दोन्ही बाजूंनी दगडाची उटी लावा.

हे सगळं एकत्र कसं चालतं ते सांगतो. त्या घटनेनंतर दोन वर्षांनी, त्याच पाणंदीत, जवळजवळ त्याच जागी गाडी परत बसली. ह्या वेळी चाक एकदा सरकल्याबरोबर पाय काढला. खाली उतरलो, दिवा डोक्याला बांधला आणि आधी गाडीभोवती एक फेरी मारली. गोळा टेकलेला नव्हता. सायलेन्सरचं तोंड मोकळं होतं. हे बघायचंच, कारण ते चिखलाने बुजलेलं असताना इंजिन चालू ठेवून काचा बंद करून बसलं, तर विषारी वायू आत साठतो. त्याला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी जातो. मग मागच्या चाकांच्या मागची माती उतार करून काढली, कारण आलो त्याच वाटेने मागे जायचं होतं. पुढे काय आहे ते माहीत नसतं, मागची जमीन गाडीने आधीच तोललेली असते. चारही टायरची हवा अठरावर आणली. प्लायवर जॅक, जॅकवर गाडी, चाक वितीभर उचललं. बांधावर गेल्या सालच्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, त्यातल्या दोन कवळ्या खड्ड्यात आडव्या दाबल्या, त्यांच्यावर फळी सारली आणि चाक खाली घेतलं. दुसऱ्या बाजूला तसंच. पऱ्हाटी नसेल तर तुराट्या, उसाचं पाचट, बारदान, चपटे दगड. कोकणात माडाची झावळी.

गाडीत बसलो, रिव्हर्स टाकला, स्टिअरिंग अगदी सरळ. हँडब्रेक दोन टिचक्या ओढलेला. ही युक्ती मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी. एका चाकाला पकड नसली की इंजिनची सगळी ताकद त्याच्याकडे पळते आणि चांगल्या जमिनीवरचं चाक नुसतं बसून राहतं. हँडब्रेकने फिरणाऱ्या चाकाला थोडा अडसर होतो, मग दुसऱ्यालाही वाटा मिळतो. क्लच हळू सोडला. गाडीने एकदा अंग चोरलं आणि फळीवर चढली. टणक जमीन येईपर्यंत थांबलो नाही. फळ्या आणायला चालत मागे आलो. एकूण चाळीस मिनिटं. त्या दिवशीची गाय वेळेत हाती लागली.

आता ओढण्याचं. एकट्याने ओढायचं साधन म्हणजे हाताने चालवायची विंच, तारेने गाडी ओढणारं यंत्र, आपल्याकडे टर्फर म्हणतात ती. जड असते आणि वर सांगितलेल्या सगळ्या सामानापेक्षा महाग, म्हणून ती शेवटी घ्या. तिला बांधायला झाड लागतं. झाडाला रुंद पट्टा गुंडाळायचा, तार थेट साल कापते. आणि माळावर झाडच नसेल तर स्टेपनी पुरायची. गुडघ्याहून खोल खड्डा, त्यात स्टेपनी उभी, गाडीच्या दिशेने दोरासाठी तिरका चर, आणि वरून माती घट्ट दाबायची. मी एका मे महिन्यात घरामागच्या पडीक जागेत हे करून पाहिलं. फक्त खड्ड्यालाच तास गेला, पण स्टेपनीने गाडी ओढून धरली. असा सराव उन्हाळ्यात करून ठेवा. अंधारात, पावसात प्रथमच कुणी करू नये.

गावाकडे शेवटी ट्रॅक्टर येतोच, आणि माणसं मनापासून धावतात. धोका तिथेच वाढतो. साखळी बंपरला, स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा मागे ट्रेलर जोडायचा जो गोळा असतो त्याला कधीही लावू देऊ नका. तो गोळा ताणाखाली तुटला तर गोळीसारखा सुटतो, जगभरात माणसं त्याने मेलेली आहेत. लहान गाड्यांमध्ये जॅकच्या पिशवीत एक जाड हुक असतो, तो बंपरमधल्या झाकणामागे फिरवून बसवतात. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. आजच संध्याकाळी तो शोधा आणि बसवून बघा. दोर गाडीच्या वजनाच्या निदान तिप्पट ताकदीचा घ्या, मध्यावर ओलं पोतं टाका म्हणजे तुटला तरी कमी उडेल, आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात एकही माणूस, विशेषतः पोरं, उभी राहू देऊ नका. ट्रॅक्टरवाल्या दादाला सांगा, साखळीने झटका द्यायचा नाही, आधी ताण घ्यायचा.

किनाऱ्याबद्दल थोडंच. हौसेने गाडी पुळणीवर नेऊ नका. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि चाकाखाली ती दबतात. पण काही पाड्यांवर जायला वाळूतूनच वाट असते. तिथे अडकलात तर आधी भरतीची वेळ काढा. कोळी भाऊ तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी नेहमीपेक्षा बरंच वर येतं. आपल्या हातात किती तास आहेत ते असं बोटांवर कळतं, आणि फावड्याला हात घालायचा की आधी माणसं बोलवायची, ते त्यावरून ठरतं.

शेवटचं, रेंज नसल्यावर काय. परदेशात लोक उपग्रहावर चालणारे फोन आणि संदेशाची यंत्रं बाळगतात. आपल्या देशात परवानगीशिवाय ती जवळ ठेवणं गुन्हा आहे, तेव्हा कुणी परदेशातून भेट आणली तरी गाडीत ठेवू नका. मोबाइलवर ११२ लावून बघा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसरीचं नेटवर्क मिळालं तर तो लागू शकतो. गाडीत पाच लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, घोंगडी.

आणि डांबर सोडायच्या आधी मी गाडी उभी करून घरी फोन करतो. कुठल्या गावाची पाणंद, कुणाच्या वस्तीवर, किती वाजेपर्यंत परत. सौ. ते एका शंभर पानी वहीत लिहून ठेवते, पुढे गावातल्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर. परतल्यावर फोन केला की ती त्या ओळीवर काट मारते. आता तिसरी वही चालू आहे.

नमस्कार.