कुलपं लागलेली घरं

नमस्कार श्रोतेहो,

गणपतीच्या आदल्या दिवशी कणकवली किंवा रत्नागिरी स्टेशनावर तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर ती गर्दी तुम्हाला ठाऊक आहे. चाकरमानी उतरतात. डोक्यावर बॅगा, काखेत पोरं. वाडीतली वर्षभर बंद असलेली दारं उघडतात, खळं सारवलं जातं, रात्री भजनाचा मृदंग वाजतो. विसर्जन झालं की दोन-चार दिवसांत पुन्हा कुलपं. आमच्या वाडीत निम्म्याहून अधिक घरांची हीच कथा आहे.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यात ती जवळजवळ ५ टक्क्यांनी घटली. सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही दोन टक्क्यांहून थोडी अधिक घट झाली. आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा? ३६ टक्के वाढ! लोकसंख्या घटली याचं काहींना कौतुक वाटतं. मला नाही वाटत. कारण त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. मुलगे जन्माला आले नाहीत असं नाही हो, ते विरार-डोंबिवलीला गेले.

हे जाणं आजचं नाही. गिरणगावात एकेका खोलीत गावचे दहा-पंधराजण पाळीपाळीनं झोपायचे आणि इकडे त्यांच्या आया-बायका पोस्टमनची वाट बघायच्या. मनीऑर्डरवर घर चालायचं. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण माणसांचा ओघ उलटा फिरला नाही. गावात परतून करायचं काय? पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला. जमीन तुकड्यातुकड्यांची, एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. एक सही मिळवायची म्हटली तरी दोन फेऱ्या होतात. शेवटी शेत पडीक, आणि लावलेलं थोडं रानडुकरं खातात.

दुसरीकडे, आंब्याच्या बागा राखायला आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून नेपाळहून माणसं येतात. म्हणजे काम अगदीच नाही असं नाही. हंगामापुरतं, हातावरचं काम आहे. ज्यावर आमचा मुलगा लग्न करून घर मांडेल, असं बारमाही काम नाही.

मला खरी बोच आहे ती पुढच्या गोष्टीची. माणसं गेली, याचीच शिक्षा मागे राहिलेल्यांना होते. मतदारसंघांची फेररचना झाली, ती २००१च्या जनगणनेवर. २००९च्या विधानसभा निवडणुकीत रत्नागिरीच्या सात जागांच्या पाच झाल्या, सिंधुदुर्गाच्या चारांच्या तीन. ठाण्याच्या तेरांच्या चोवीस. पट कमी म्हणून शाळा बंद करायची चर्चा, प्रवासी कमी म्हणून एसटीची फेरी बंद. फेरी बंद झाली की उरलेलं घरही हलतं.

आणि विषमता मोजायची तरी कशी? १९८४ साली दांडेकर समितीनं जिल्हावार अनुशेष, म्हणजे विकासात कोण किती मागे राहिलं ते, मांडला. ते मोठं काम होतं. पण १९९४ साली विकास मंडळं झाली तीन: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. या ‘उर्वरित’मध्ये मुंबई आली, पुणं आलं, आणि आमचं मंडणगड, लांजाही आलं. मुंबई-पुण्याबरोबर सरासरी काढली, तर लांज्याचं दुखणं दिसणार कुठून?

आता पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची, म्हणजे त्या दिवशीची स्थिती धरून होणारी, आहे. चाकरमान्याची मोजणी तो राहतो तिथेच होणार, ते योग्यच. पण माणसं मोजण्याआधी घरांची यादी होते आणि तिच्यात रिकाम्या घरांचीही नोंद असते. माझी विनंती आहे, ग्रामपंचायतींनी ते आकडे येताच मागून घ्यावेत आणि ग्रामसभेत वाडीवार वाचून दाखवावेत. ती ग्रामसभाही गणपतीत ठेवावी, म्हणजे कुलपांच्या किल्ल्या ज्यांच्या खिशात आहेत, तेही समोर बसलेले असतील.

नमस्कार.