असतो मा सद्गमय आणि पावसातली मारामारी

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. तर आयोजक म्हणाले, शेवटच्या भागात माती खाल्लेल्या कुठल्याही सायन्स फिक्शन सिरीजवर बोला, आणि मला दुसरं काही आठवलंच नाही. मॅट्रिक्स रेव्होल्युशन्स, २००३. आता कोणी म्हणेल २०२१ ला चौथा आला की, पण आमच्यासाठी गोष्ट तिसऱ्यालाच संपलेली, चौथ्याचं आज काढायला नको.

पहिला १९९९ चा. माणसं नळ्या लावून झोपलेली, आणि जग म्हणून त्यांना जे दिसतं ते मशीन्सनी चालवलेलं खोटं, तेच मॅट्रिक्स; मॉर्फियस नावाचा गुरू नायक निओला त्यातून बाहेर काढतो. आम्ही होस्टेलवर सीडीवर पाहिला, दोन सीडी असायच्या, आमच्याकडची दुसरी अडकायची, त्यामुळे तो हेलिकॉप्टरचा सीन मी कित्येक वर्षं तुकड्यातुकड्यांत पाहिलाय. तरी येड लागलेलं. सगळ्यात शेवटी निओ फोनवरून मशीन्सना सांगतो ना, की या लोकांना मी तुमच्याशिवायचं जग दाखवणार, ते वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

मग मे २००३ ला रीलोडेड. लोक नावं ठेवतात त्याला, मी नाही ठेवत. मॅट्रिक्स बनवणारा तो पांढऱ्या दाढीचा आर्किटेक्ट टीव्हींच्या भिंतीसमोर बसून थंडपणे सांगतो की बाबा रे तू पहिला नाहीस, सहावा आहेस, झायन, म्हणजे सुटलेल्या माणसांची वस्ती, आधी पाच वेळा बेचिराख झालंय आणि तुझं काम काय तर २३ माणसं निवडायची नि वस्ती परत वसवायची. म्हणजे आपण ज्याला अवतार समजत होतो तो सिस्टीमनेच बसवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह निघाला! आणि शेवटी तर कहर, निओ बाहेरच्या खऱ्या जगात नुसता हात पुढे करून मशीन्स पाडतो. कसं काय? मग झायन पण एक मॅट्रिक्सच का? सहा महिने टपरीवर आमचा हाच विषय, माझ्या रूममेटचं तर ठाम मत होतं की मॉर्फियसच प्रोग्रॅम आहे, चहाचे पैसे मागितले की तो मुद्दाम तेच परत सुरू करायचा.

५ नोव्हेंबरला तिसरा आला. जगभर एकाच मुहूर्तावर, न्यूयॉर्कला सकाळी ९ तेव्हा टोकियोत रात्री ११. आणि उत्तर काय मिळालं, तर ओरॅकल, म्हणजे भविष्य सांगणारी बाई, म्हणते निओची शक्ती मॅट्रिक्सच्या बाहेर थेट सोर्सपर्यंत, म्हणजे मशीन्सच्या मुळापर्यंत, पोचते. झालं! सहा महिन्यांचं टपरीवरचं संशोधन पाण्यात. (ओरॅकल करणाऱ्या ग्लोरिया फॉस्टर २००१ मध्ये गेल्या, त्यांच्या जागी मेरी ॲलिस आल्या, त्याबद्दल अजिबात तक्रार नाही, त्यांनी छान केलंय.)

त्यानंतर झायनवर मशीन्सची लढाई सुरू होते ती संपतच नाही. छतातून यांत्रिक ऑक्टोपसांचे थवे, खाली लोखंडी सांगाड्यात बसलेले सैनिक, आणि त्या सांगाड्यात माणसापुढे साधी काच पण नाही, अरे निदान हेल्मेट तरी द्या. दिसायला भारी आहे, मेहनत दिसते, मान्य. पण हा सिनेमा कुठल्याही परग्रहवासीयांच्या हल्ल्याचा असू शकला असता, मॅट्रिक्स कुठाय यात? आणि मॉर्फियस! पहिल्या भागात ज्याच्या एकेका वाक्यावर आम्ही रात्र जागवायचो तो माणूस इथे यान चालवणाऱ्या कॅप्टन नायोबीच्या शेजारी बसून गाडी पोचवायला मदत करतो. क्लीनर केला त्याचा.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. ज्या लोकांना बाहेरचं जग दाखवायचं होतं ते कुठे गेले? ते नळ्या लावून पडलेले, ऑफिसला जाणारे, नूडल्स खाणारे सामान्य लोक? तिसऱ्या भागात तो अख्खा समाज स्मिथने, म्हणजे स्वतःच्याच प्रती काढत सुटलेल्या खलनायक प्रोग्रॅमने, गिळलाय, सगळ्यांची तोंडं त्याचीच, आणि त्यांचं काय झालं हे कोणालाच पडलेलं नाही. शेवटी माणसं आणि मशीन्सचा तह होतो आणि ज्यांना बाहेर पडायचंय त्यांना सोडणार का, तर हो सोडणार, एवढं आर्किटेक्ट जाता जाता बोलून मोकळा. अहो, मूळ गोष्ट ही होती!

आता राग येतो तो यासाठी की त्यांना जमत होतं. सुरुवातीला निओ एका रेल्वे स्टेशनवर अडकतो, मोबिल ॲव्हेन्यू, त्यातल्या मोबिलची अक्षरं फिरवली की लिंबो, आपला त्रिशंकूच. तिथे एक भारतीय कुटुंब भेटतं, रामा-कांद्रा, कमला आणि छोटी सती. नावं ऐकून थेटरात हशा पिकला होता, पण नीट बघा. ते तिघं माणसं नाहीत, प्रोग्रॅम आहेत. मुलीला काही काम नेमून दिलेलं नाही, म्हणजे सिस्टीम तिला पुसून टाकणार, म्हणून आईबाप मेरोव्हिंजियन नावाच्या एका दलाल प्रोग्रॅमशी सौदा करून तिला मॅट्रिक्समध्ये लपवायला निघालेत. मशीनला पोरीची माया! हा पहिल्या भागापेक्षाही मोठा प्रश्न आहे, शत्रूच्या घरातही आईबाप आहेत. आणि सिनेमा तिथून उठून जातो तो तोफा डागायला. निओची प्रेयसी ट्रिनिटी ढगांच्या वर जाते आणि दोन क्षण खरा सूर्य बघते ते तेवढं अजून आठवतं, बाकी मरताना मात्र ती फारच बोलत बसते.

आणि मग शेवटची फाईट. धो धो पाऊस, निओ आणि स्मिथ हवेत एकमेकांना बुकलतायत, आणि मागे कोरस काय गातोय? असतो मा सद्गमय. बृहदारण्यक उपनिषद! शाळेत डोळे मिटून, एक डोळा किलकिला ठेवून म्हटलेलं. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. खोट्यातून खऱ्याकडे ने, पहिल्या सिनेमाची अख्खी गोष्ट त्या ओळीत आहे, आणि ती वाजतेय कशावर, तर गुद्दागुद्दीवर.

नावं सुरू झाली तेव्हा तेच शब्द परत, या वेळी ठेक्यावर. लोक निघून गेले, आम्ही बसून राहिलो, अजून काहीतरी असेल म्हणून. झाडूवाले काका आमच्या रांगेपर्यंत आले, म्हणाले, पाय वर घ्या जरा.