एवढी फी भरून मार्क का नाहीत?

नमस्कार श्रोतेहो. मी एका खासगी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, आणि दर निकालानंतर पालक भेटायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर एवढी फी भरतो, शाळा चांगली आहे, मग मार्क का नाहीत? आज त्याच्यावरच बोलायचंय.

आधी फीचं बघू. 2000 सालापासून पिसा नावाची चाचणी अनेक देशांतल्या 15 वर्षांच्या मुलांची घेतात. त्यात बऱ्याच देशांत खासगी शाळेतली मुलं पुढे दिसतात खरी, पण घरची परिस्थिती, आईवडिलांचं शिक्षण हे सगळं हिशोबात धरलं की तो फरक बराचसा मावळतो. म्हणजे जे आपण शाळेच्या नावावर जमा करतो त्यातलं पुष्कळसं मूल घरूनच घेऊन आलेलं असतं. शाळेचा काही उपयोग नाही असं मी म्हणत नाहीये, पण बिल्डिंग आणि स्मार्टबोर्ड बघून मार्कांचा अंदाज बांधू नका.

मग मार्क जातात कुठे? माझ्या वर्गात एक मुलगा होता, अतिशय कष्टाळू, त्याचं पुस्तक उघडलं की पानंच्या पानं पिवळी, सगळं हायलाइट केलेलं. धडा पाच-सहा वेळा वाचलेला. मी म्हटलं, आता पुस्तक मीट आणि मला सांग. दोन वाक्यं धडाधड आली, तिसऱ्याला अडकला, आणि रडवेला होऊन म्हणाला, सर मला येतं हो, आता आठवत नाहीये. परीक्षेत त्याचं नेमकं हेच व्हायचं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं की येतंय, पण पेपरात तर कोऱ्या कागदावर आठवून लिहायचं असतं ना, त्याची सवयच केलेली नसते.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी 2006 मध्ये कॉलेजच्या मुलांवर याचा प्रयोग केला. काहींनी एक उतारा चार वेळा वाचला, काहींनी एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, पण आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण 40 टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आणि परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, रोज एक धडा, पुस्तक बंद, कोरा कागद, येईल ते लिही, मग उघडून लाल पेनने राहिलेलं भर. पहिला आठवडा त्याला फार जड गेला, कारण आपल्याला किती कमी येतं ते रोज दिसत होतं, पण तो टिकला.

झोपेचं पण सांगतो, किशोरवयीन मुलांना 8 ते 10 तास झोप लागते असं तज्ज्ञ सांगतात. शाळा, मग शिकवणी, मग होमवर्क, मग मोबाइल, अशात रात्री बारा वाजतात आणि सकाळी पहिल्या तासाला पोरगं डोळे उघडे ठेवून झोपलेलं असतं. अशा मुलाला अजून एक शिकवणी लावू नका, कृपा करून.

खासगी शाळांचं एक दुखणं मात्र मला मनापासून टोचतं, ते म्हणजे वर्षाच्या मध्येच शिक्षक सोडून जातात. पगार कमी, नोकरीची हमी नाही, त्यांचं तरी काय चुकलं, पण कुठलं मूल कुठे अडतं हे कळायलाच दोन-तीन महिने लागतात आणि नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शाळा बघायला जाल तेव्हा हे नक्की विचारा, गणिताचे सर किती वर्षं आहेत इथे?

आणि तपासलेला पेपर घरी आला की नुसते मार्क बघून सही करू नका. मुलाला शेजारी बसवा, चुकलेला एक प्रश्न घ्या आणि विचारा, इथे तुझ्या डोक्यात काय चाललं होतं? माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, की प्रश्नच नीट वाचला नव्हता? तिन्हीवरचे उपाय वेगळे आहेत. आणि हे विचारताना आवाज चढवू नका, नाहीतर पुढचा पेपर तुमच्यापर्यंत येणारच नाही. नमस्कार.